नकाराचं बटण

सुतळीची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. बारा वर्षांत ती घट्ट बसली होती. आतून मतदारयादीचे कागद निघाले, पिवळे पडलेले, कडा दुमडलेले. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण होती. बरोबरची खूण म्हणजे मत आपलं. फुली म्हणजे समोरच्याचं. आणि प्रश्नचिन्ह म्हणजे या दारात पुन्हा जायचं.

"या पानावर प्रश्नचिन्हं किती आहेत, मोजा ताई," दादा म्हणाले.

मी मोजली. अकरा निघाली.

"अशी बत्तीस पानं माझ्या एकट्याच्या बूथची. आणि अख्ख्या मतदारसंघाचा निकाल लागला तीनशे सव्वीस मतांनी."

दादांचं झेरॉक्सचं दुकान दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सेक्टरच्या बाजारात आहे. वडील नागपूरकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीमुळे इथे आले. दादांचं बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, शाळा इथलीच, मराठी घरातली. २०१३च्या विधानसभा निवडणुकीत ते एका पक्षाचे बूथपातळीवरचे कार्यकर्ते होते, पुढे उमेदवाराच्या रोजच्या कामाची आखणीही त्यांच्याकडे आली. नंतर ते पक्षातून बाहेर पडले. पक्ष कोणता आणि उमेदवार कोण, हे लिहायचं नाही, एवढीच त्यांनी अट घातली. ती मी पाळणार आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी एकच शब्द दिला होता, 'नकार'. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आली ती निवडणूक. होकाराचा एवढा मोठा सोहळा दुसरा नाही. पण तिच्यातही नको म्हणणारी माणसं असतात. उभं राहायला नको म्हणणारा उमेदवार असतो आणि एका दिवसापासून 'आता पुरे' म्हणणारा त्याच्याजवळचा माणूस असतो. त्या नकाराचं पुढे काय होतं, ते बघायला मी ऑगस्टमध्ये आर. के. पुरमला गेले.

बदलीवर येणारे मतदार

रामकृष्ण परमहंसांचं नाव असलेली ही वसाहत मुळात सरकारी नोकरांसाठी वसवली गेली. सेक्टरांची रचना, दोन-तीन मजली क्वार्टरांच्या रांगा, मधे कडुलिंब, कोपऱ्यावर मदर डेअरीचं बूथ. नळ गळला, प्लास्टर पडलं की माणसं 'इन्क्वायरी'त जातात. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या तक्रार कचेरीला दिल्लीच्या सगळ्या सरकारी वसाहतींत हेच नाव आहे. सेक्टर ५मध्ये दिल्ली तमिळ संगम आहे, सेक्टर ७च्या टेकडीवर मलाई मंदिर. देशाच्या साऱ्या प्रांतांतली माणसं इथे येतात, तीस-पस्तीस वर्षं नोकरी करतात आणि निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत क्वार्टर सोडून जातात.

मतदारसंघ मात्र या क्वार्टरांपेक्षा मोठा आहे. त्यात मुनिरका आहे. ते टोकस गोत्राच्या जाटांचं जुनं गाव, आता एकमेकांना खेटलेल्या चार-पाच मजली इमारतींचं आणि भाडेकरूंचं झालेलं. मोहम्मदपूर आहे, वसंत विहारचे बंगले आहेत आणि त्या बंगल्यांपासून हाकेच्या अंतरावरच झोपडवस्त्याही आहेत. याच मुनिरकाच्या बसथांब्यावरून १६ डिसेंबर २०१२च्या रात्री 'निर्भया' म्हणून ओळखली गेलेली ती तरुणी आणि तिचा मित्र बसमध्ये चढले होते. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत इथल्या प्रत्येक दारात सुरक्षिततेचा प्रश्न विचारला गेला, त्याचं कारण तो थांबा होता.

अशा ठिकाणी मतदारयादी कायम शिळी असते. बदली झालेल्याचं नाव यादीत राहतं, त्याच्या जागी आलेल्याचं अजून चढलेलं नसतं. निवडणूक यंत्रणा प्रत्येक केंद्रासाठी गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी करते, तिला 'एएसडी यादी' म्हणतात. क्वार्टरांच्या बूथवर त्यातली 'स्थलांतरित' ही रांग सगळ्यात लांब असते, असा दादांचा अनुभव.

"शेजारच्या गावात एक चौधरी सांगतो आणि पन्नास मतं हलतात," ते म्हणाले. "इथे कोणी कोणाचं ऐकत नाही. दार उघडतं, माणूस हसतो, पत्रक घेतो, दार बंद करतो. म्हणून तर एवढी प्रश्नचिन्हं."

झेंडा नसलेल्या गॅलऱ्या

त्या बंद दाराचं कारण मला एका वहिनींनी समजावून सांगितलं. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, घर टाइप-थ्रीचं. चहाबरोबर त्यांनी चिवडा पुढे केला आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. "इथे कधी झेंडा बघितलात? नाही दिसायचा. आमच्याकडे प्रचार म्हणजे फक्त ऐकायचा."

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ सालचे. त्यातला पाचवा नियम राजकारणाबद्दल आहे. सरकारी नोकरानं प्रचार करायचा नाही, निवडणुकीत आपलं वजन वापरायचं नाही. मत द्यायला मुभा आहे, पण कोणाला दिलं किंवा देणार, याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणं हाही वजन वापरल्याचाच प्रकार धरला जातो. घरच्या माणसांनी सरकारविरोधी चळवळीत पडू नये यासाठी नोकरानं प्रयत्न करावा, अशी अपेक्षाही त्यात आहे.

हजारो घरं अशी की ज्यांना पगार सरकार देतं, घर सरकार देतं आणि मत मात्र गुपचूप द्यायचं. उमेदवाराला इथे वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळत नाही. सभेत गर्दी दिसते, पण ती बहुतेक गावातली आणि वस्तीतली. क्वार्टरमधला माणूस संध्याकाळी खिडकीशी उभा राहून ऐकतो.

मोठ्या पक्षांना ही खिडकी माहीत आहे. २०२५च्या निवडणुकीत १ फेब्रुवारीला अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला प्राप्तिकरातून सूट जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांची सभा आर. के. पुरममध्ये झाली. त्याआधी जानेवारीत आठव्या वेतन आयोगाला मंजुरी मिळाली होती. मतदान ५ फेब्रुवारीला होतं. "आमच्या यजमानांनी तेव्हा एक अक्षर काढलं नाही," वहिनी म्हणाल्या, "पण त्या रात्री ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते."

तिघांपैकी दोघी

आता २०१३चं सांगते. लढत तिरंगी होती. काँग्रेसच्या बरखा सिंह २००८मध्ये इथून निवडून आल्या होत्या. भाजपचे अनिल शर्मा होते. आणि नव्या आम आदमी पक्षाकडून शाझिया इल्मी होत्या, दूरचित्रवाणीवरच्या पत्रकार आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनातला ओळखीचा चेहरा.

मराठी वाचकाला ही गोष्ट दिल्लीची वाटेल, पण तिचं एक मूळ राळेगणसिद्धीत आहे. २०११च्या रामलीला मैदानावरच्या उपोषणातून जी माणसं एकत्र आली, त्यांच्यात पक्ष काढावा की नाही यावरून फूट पडली. अण्णा नको म्हणाले. सप्टेंबर २०१२मध्ये वाटा वेगळ्या झाल्या आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पक्ष स्थापन झाला. आर. के. पुरमच्या उमेदवारीमागे असा एक मोठा, उघडपणे दिलेला नकार होता.

प्रचार रंगात आला असताना, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका छुप्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीतून पक्षाच्या काही उमेदवारांवर आरोप झाले. त्यांत इल्मींचंही नाव होतं. त्यांनी आरोप नाकारले आणि चौकशी होईपर्यंत उमेदवारी सोडायची तयारी दाखवली. पक्षानं ती मानली नाही. चित्रफितीत काटछाट झाल्याचं सांगून पक्ष त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्या लढल्या. ४ डिसेंबरला मतदान झालं, ८ तारखेला मोजणी. शर्मांना २८,२६७ मतं पडली, इल्मींना २७,९४१.

त्या तीनशे सव्वीस मतांचं मोल फार मोठं होतं. विधानसभा त्रिशंकू झाली. भाजपला ३१ जागा, आम आदमी पक्षाला २८, काँग्रेसला ८. एका वसाहतीतल्या काही जिन्यांवरचे उंबरे राजधानीच्या सत्तेचा हिशेब बदलू शकत होते.

पुढचं सगळं माझ्या विषयाचं आहे. २०१४च्या लोकसभेला पक्षात इल्मींसाठी रायबरेलीचं नाव निघालं, त्यांची तयारी नव्हती. अखेर त्या गाझियाबादमधून उभ्या राहिल्या आणि तिथे जनरल व्ही. के. सिंह साडेपाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. २४ मे २०१४ला इल्मींनी पक्ष सोडला. पक्षात अंतर्गत लोकशाही नाही, हे त्यांनी कारण दिलं. जानेवारी २०१५मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या. बरखा सिंह दिल्ली प्रदेश महिला काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या. एप्रिल २०१७मध्ये नेतृत्वावर जाहीर नाराजी व्यक्त करून त्यांनी पद सोडलं, पक्षानं त्यांना काढलं, आणि त्याही भाजपमध्ये गेल्या. २०१५ आणि २०२०मध्ये आर. के. पुरमनं आम आदमी पक्षाच्या प्रमिला टोकस यांना निवडलं, २०२५मध्ये पुन्हा अनिल शर्मांना.

एकाच लढतीतल्या तीन प्रमुख उमेदवारांपैकी दोघी काही वर्षांत आपापल्या पक्षाच्या बाहेर होत्या. दोघींच्या तक्रारीचा गाभा एकच होता, आपलं म्हणणं ऐकलं जात नाही. त्यांच्या पक्षांतराबद्दल वाचकाचं मत काहीही असो, या गाभ्याकडे दुर्लक्ष करू नये.

तीन वाजेपर्यंतचा नकार

माणूस उभं राहायला का कचरतो, याची कारणं फार साधी असतात. अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्जं, स्वतःवरचे खटले, शिक्षण, सगळं जाहीर होतं. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडायचं, रोजचा खर्च नोंदवायचा, प्रचाराच्या काळात ती वही निरीक्षकांना दाखवायची. नोकरी किंवा व्यवसाय बाजूला पडतो. घरातली माणसं ओळखदेखीत चर्चेचा विषय होतात. आणि पक्षाचा ए-बी फॉर्म अनेकदा शेवटच्या दिवशी हातात पडतो, तेव्हा विचार करायला रात्रही मिळत नाही. आपल्याकडे म्हणतात तसं, घोड्यावर बसवलं जातं.

उमेदवाराच्या नकाराला कायद्यानं एक छोटी खिडकी ठेवली आहे. अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत लेखी सूचना दिली तर नाव कमी होतं. ही मुदत आणि मतदान यांत किमान चौदा दिवसांचं अंतर असावं लागतं. एकदा तीन वाजून गेले की तुमचं नाव यंत्रावर राहणारच, तुम्ही प्रचार थांबवा की गावी निघून जा. इल्मींनी उमेदवारी सोडायची भाषा केली तेव्हा मतदान दोन आठवड्यांच्या आत आलं होतं. म्हणजे कायद्याची मुदत उलटली होती. त्या नैतिक अर्थानं थांबू शकल्या असत्या, पण त्यांच्या नावापुढचं बटण तसंच राहिलं असतं.

योगायोग असा की तीच निवडणूक मतदाराच्या नकाराचीही पहिली होती. २७ सप्टेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं 'वरीलपैकी कोणीही नाही' ('नोटा') हा पर्याय यंत्रावर द्यायला सांगितलं. दिल्लीसह पाच राज्यांच्या निवडणुकांत तो त्या वर्षी आला. या बटणाला सर्वाधिक मतं पडली तरी विधानसभा-लोकसभेत त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतो, एवढीच त्याची ताकद. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी एक पाऊल पुढे टाकलं आणि 'नोटा' पहिल्या क्रमांकावर आल्यास फेरनिवडणूक घ्यायचं ठरवलं. ताकद कमी असेल, पण मतदाराचा नकार मोजला जातो, त्याची नोंद राहते.

मतदाराला बटण मिळालं. उमेदवाराला तीन वाजेपर्यंतची मुदत आहे. मग दादांसारख्या माणसाचं काय?

सतरंजी आणि टेबल

मराठीत कार्यकर्त्याचं सगळं जिणं एका वाक्प्रचारात आहे, सतरंज्या उचलणं. दादांनी उचललेल्या गोष्टी मी त्यांना विचारून लिहून घेतल्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मतदान केंद्रापासून दोनशे मीटरच्या बाहेर टाकायचं एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्याहून जास्त चालत नसे. पहाटे अभिरूप मतदानाला वेळेवर पोचणारा मतदान प्रतिनिधी. त्याचा डबा. संध्याकाळी केंद्राध्यक्षाच्या सहीचा १७-सी फॉर्म, ज्यावर झालेल्या मतांचा आकडा असतो. उमेदवाराच्या घशासाठी कोमट पाणी. त्याच्या रागाच्या वेळी गाडीत पाळायची शांतता.

"आमच्या उमेदवाराला उभं राहायचंच नव्हतं," दादा सांगू लागले. "पहिल्या दिवशी जिना चढताना मला म्हणाले, कोणाच्या दारात हात जोडायची सवय नाही हो. मला ते आवडलं. वाटलं, हा माणूस खोटं बोलणार नाही. महिनाभर मी त्यांना जिने चढवले. मग एका वस्तीत आम्ही पाण्याच्या नळाचा शब्द दिला. रात्री बैठकीत मी विचारलं, हा शब्द पाळायचा कोणी? वरून आलेला माणूस म्हणाला, तुम्ही फक्त यादी सांभाळा. उमेदवार माझ्याकडे बघत होते. बोलले नाहीत काही."

दादा त्या रात्री घरी गेले आणि सकाळी सहाला पुन्हा टेबलाशी हजर झाले. निवडणूक पार पडेपर्यंत त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही.

उमेदवाराला आपल्या प्रतिनिधीची नेमणूक रद्द करता येते, कायद्यात त्याची सोय आहे. प्रतिनिधीला उमेदवार किंवा पक्ष नकोसा झाला तर बहुधा गुपचूप घरी जाण्यावाचून वाट नसते. जो बोलतो त्याचं काय होतं, ते दिल्लीनं २०१५मध्ये पाहिलं. कृष्णानगरमध्ये भाजपच्या मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार किरण बेदी उभ्या होत्या. मतदानाला पाच दिवस उरले असताना त्यांच्या प्रचाराची धुरा वाहणारे नरेंद्र टंडन यांनी बेदींच्या कार्यपद्धतीवर नाराज होऊन राजीनामा दिला. वरिष्ठांशी बोलणं झालं आणि त्याच दिवशी राजीनामा मागे घेतला गेला. बेदी २,२७७ मतांनी हरल्या. टंडन यांना जे खुपत होतं ते दूर झालं का, याची चौकशी करायला त्या धामधुमीत कोणाला सवड नसावी.

मोठ्या पातळीवरही तीच गत. डॉ. मनमोहन सिंग १९९९मध्ये दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले आणि विजयकुमार मल्होत्रांकडून जवळपास तीस हजार मतांनी हरले. ते सभा गाजवणारे नव्हते. पुन्हा त्यांनी लोकसभा लढवली नाही, पंतप्रधान झाले तेही राज्यसभेतून. २००४ ते २००८ त्यांचे माध्यम सल्लागार असलेले संजय बारू यांनी आपले अनुभव पुस्तकात लिहिले. ते एप्रिल २०१४मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत बाहेर आलं आणि पंतप्रधान कार्यालयानं त्यातली मांडणी फेटाळली. सहकाऱ्याची नाराजी कार्यालयाच्या चार भिंतींत बोलता येत नसली की ती अशी सर्वांत वाईट वेळी, सर्वांत मोठ्या आवाजात बाहेर पडते.

मानखुर्दची आठवण

दादांशी बोलताना मला मुंबईतला २०१४चा उन्हाळा आठवत होता. मेधा पाटकर यांनी तीन दशकं निवडणुकीच्या राजकारणापासून अंतर राखलं होतं. त्या वर्षी त्या ईशान्य मुंबईतून आम आदमी पक्षाच्या उमेदवार झाल्या. मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांत त्यांच्या घरबचाव आंदोलनातल्या बायका प्रचाराला उतरल्या. किरीट सोमय्या निवडून आले, मेधाताई तिसऱ्या राहिल्या. मार्च २०१५मध्ये योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीतून ज्या पद्धतीनं काढलं गेलं, ते पाहून त्यांनी पक्ष सोडला. त्याच महिन्यात अंजली दमानियांनीही राजीनामा दिला होता. वर्षभरापूर्वी त्या नागपुरात नितीन गडकरींविरुद्ध लढल्या होत्या.

या माणसांना 'राजकारण जमत नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. अनिच्छेनं उभा राहिलेला उमेदवार आणि मन उठलेला कार्यकर्ता यांना एकच गोष्ट दिसलेली असते. दिलेला शब्द आणि पाळला जाणारा शब्द यांत किती अंतर पडणार आहे, ते त्यांना इतरांच्या आधी कळतं. एकाला ते पहिल्या जिन्यावर कळतं, दुसऱ्याला शेवटच्या बैठकीत. ज्या पक्षात ते बोलून दाखवायला जागा आहे त्याला ही माणसं धोक्याची सूचना देत असतात. जिथे जागा नाही तिथून ती निघून जातात, आणि मग 'गद्दार' हा शब्द तयारच असतो. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि त्याला दिलेलं उत्तर इतिवृत्तात लिहिणं, एवढंसं काम कुठल्याही पक्षाला आजपासून करता येईल. मतदाराच्या नकाराची आपण नोंद ठेवतो, तशी कार्यकर्त्याच्या नकाराचीही ठेवली पाहिजे.

सोडलेला पक्ष, न सोडलेली यादी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा दुकानात गेले. पाऊस नुकताच थांबला होता. काउंटरवर एक तरुण जोडपं उभं होतं, नव्यानं बदलून आलेलं, हातात क्वार्टरच्या वाटपाचं पत्र. दादा त्यांना फॉर्म ८ समजावून सांगत होते. जुन्या पत्त्यावरचं नाव इकडे आणायचं तर हाच फॉर्म. त्यांनी झेरॉक्स काढली, कोपऱ्यात बूथ लेव्हल अधिकाऱ्याची भेटायची वेळ लिहून दिली. झेरॉक्सचे पैसे घेतले, बाकीच्या कामाचे नाही.

"कोणाला मत द्यायचं ते सांगता का यांना?" ते गेल्यावर मी विचारलं.

"पूर्वी सांगत होतो." त्यांनी यादीचा गठ्ठा पुढे ओढला. "तेव्हा या खुणा करताना मी माणसांची वाटणी करत होतो. आपला, त्यांचा, अधला. मग एकदा असंच चाळत बसलो आणि लक्षात आलं, प्रश्नचिन्हवाली माणसंच आम्हाला खरं विचारत होती. नळ कधी येईल, दिवे कधी लागतील. आम्हाला उत्तर देता येत नव्हतं म्हणून आम्ही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं."

तेवढ्यात वहिनींची लेक आली. नुकतीच अठराची झाली होती, नवीन नावाचा फॉर्म ६ भरायचा होता. दादांनी तिला पेन दिलं. जन्मतारखेचा रकाना भरताना तिनं विचारलं, "काका, एकही उमेदवार पसंत नसेल तर मत द्यायला जायचं का?"

"जायचं," दादा म्हणाले. "शेवटचं बटण त्यासाठीच आहे. आणि आधी त्या उमेदवाराला दारात उभा करून विचारायचं, का पसंत नाही ते त्याला सांगायचं."

मग त्यांनी तिचा फॉर्म नीट तपासला. पत्त्यातला ब्लॉकचा आकडा चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला.